जुनं सर्व्हिस सॉफ्टवेअर सोडून नव्या सीआरएमवर जायचंय: काय सोबत न्यायचं, काय मागे ठेवायचं?

वाळा_पॅड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमचा डक्टिंग कूलर बसवण्याचा आणि दुरुस्तीचा धंदा आहे. दुकान नागपुरात गांधीबागेत, शेड हिंगण्याला. बाबांनी सुरू केला, आता मी आणि माझा भाऊ बघतो. मंगल कार्यालयं, दवाखाने, शिकवणी वर्ग, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने आणि भरपूर घरगुती ग्राहक. विदर्भ तर आहेच, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट आणि तिकडे राजनांदगावपर्यंत आमच्या मशिनी गेल्या आहेत.

तक्रारी आणि एएमसीसाठी (वर्षभराच्या देखभालीचा करार) बाबांनी फार पूर्वी एका प्रोग्रामरकडून सॉफ्टवेअर बनवून घेतलं होतं. ते दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालतं. बनवणारे आता नागपुरात नाहीत, त्यात नवीन काही होणार नाही, आणि तो कॉम्प्युटर बसला तर सगळंच बसेल. बिलं टॅलीत. टेक्निशियनला कुठे पाठवलं ते रजिस्टरमध्ये. उरलेलं तीन फोनच्या व्हॉट्सअॅपवर. होळी झाली की फोन थांबत नाहीत. पारा ४५ च्या वर गेला की दवाखान्यातून येणाऱ्या फोनवर "बघून सांगते" म्हणायची सोय नसते. तेव्हा त्या माणसाची वॉरंटी कधी संपली, मागच्या वेळी पंप बदलला की नाही, हे शोधायला चार ठिकाणी पाहावं लागतं.

सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, बदलायचं हे ठरलंय. झोहो आणि ईआरपीनेक्स्ट या दोघांपैकी एक घेऊ, त्यावर वाद नाही. वाद दुसराच आहे. जुन्यात सात-आठ हजार नावं आहेत. भाऊ म्हणतो सगळं न्या, जुना ग्राहक कधीही परत येतो. माझं म्हणणं असं की ज्याला आपण काही कबूल केलंय त्याचं सगळं आधी नीट न्यावं: चालू वॉरंटी, चालू एएमसी, उघडी तक्रार, घेतलेला अॅडव्हान्स. बाकीचं मागे राहिलं तरी चालेल.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

परसोडी_आयटी

ताई, माझं कामच हे आहे, छोट्या-मध्यम धंद्यांचा डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणं. तुमचं म्हणणं मला पटतं, पण त्याआधी एक प्रश्न सोडवा: तुमच्या धंद्यात नोंद कशाची?

बहुतेक सीआरएम विक्रीसाठी बनलेत. त्यात चौकशी येते, तिचा ग्राहक होतो, त्याच्याशी सौदा होतो, सौदा पूर्ण झाला की गोष्ट संपते. तुमची गोष्ट तिथून सुरू होते. एका दवाखान्याच्या दोन इमारती, त्यांवर मिळून दहा-बारा मशिनी, त्यातल्या काही एएमसीत आणि काही नाहीत, बिल ट्रस्टच्या नावाने आणि फोन करणार तिथला मेंटेनन्सवाला. हे सगळं "ग्राहक" नावाच्या एका ओळीत बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात आजच्यासारखीच शोधाशोध होईल.

म्हणून पाच वेगळ्या नोंदी करा: बिल ज्याच्या नावाने ती संस्था, साइट, माणूस, मशीन आणि करार. तक्रार नेहमी मशीनला जोडायची, माणसाला नाही. माणूस नोकरी सोडतो, मशीन गच्चीवरच असते.

या कसोटीवर तुमचे दोन्ही पर्याय बघा. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात मशीनच्या सिरियल नंबरच्या नोंदीतच वॉरंटी आणि एएमसी संपण्याच्या तारखा असतात, मेंटेनन्सचं वेळापत्रक आणि भेटीची नोंदही तयार मिळते. मात्र ते कुठल्या सर्व्हरवर ठेवायचं आणि बॅकअप कोण बघणार, हे आधी ठरवा. झोहो चेन्नईची कंपनी. त्यांचं सीआरएम शिकायला सोपं आहे आणि तीन वापरकर्त्यांपर्यंत मोफत आवृत्तीही आहे, पण मशीनसाठी तुम्हाला स्वतःचं मॉड्यूल (नोंदींचा वेगळा विभाग) बनवावं लागेल आणि ती सोय प्रत्येक प्लॅनमध्ये नसते. पैसे भरण्याआधी तोच प्लॅन उघडून त्यात एक दवाखाना, दोन साइट आणि पाच मशिनी स्वतःच्या हाताने भरून बघा. विकणाऱ्याला भरायला सांगू नका.

हिशेबवही

टॅलीच्या बाजूने लिहितो, इतवारी-महालातल्या बऱ्याच दुकानांची खाती बघतो.

सात-आठ हजार नावं म्हणजे तितके ग्राहक नव्हेत. टॅलीत संड्री डेटर्सखाली (ज्यांच्याकडून पैसे येणं आहे त्यांची यादी) एकच पार्टी "मे." लावून, "मे." न लावता आणि मालकाच्या नावाने अशी तीनदा सापडते. नावावरून जुळवत बसलात तर दिवाळी जाईल. जीएसटी नंबरवरून जुळवा.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. म्हणजे एखाद्या कंपनीचा कारखाना बुटीबोरीला आणि दुसरा राजनांदगावला असेल तर तिचे जीएसटी नंबर दोन, पण मधली दहा अक्षरं तीच. एक्सेलमध्ये तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं वेगळ्या रकान्यात काढा आणि त्यावर लावा. एका पॅनखाली जे जे येतं ती एक संस्था, आणि वेगळे जीएसटी नंबर म्हणजे तिची वेगळी बिलिंग खाती. बिल कुठल्या राज्याच्या नंबरवर करायचं हे चुकलं तर समोरच्याचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं, म्हणून दोन्ही नंबर जपा, एकात मिसळू नका.

घरगुती ग्राहकांना जीएसटी नंबर नाही. तिथे मोबाईलचे शेवटचे दहा आकडे धरा. एकाच घरात नवरा-बायकोचे दोन नंबर असतात, तेव्हा पत्ताही बघावा लागेल. ते काम हातानेच होईल.

आता तुमच्या भावाच्या मुद्द्याबद्दल. जुनी बिलं टॅलीत आहेत आणि ती कुठे जात नाहीत. जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळावेच लागतात. ते टॅलीतच सांभाळा, सीआरएममध्ये बिलांचा इतिहास भरू नका. उधारीची बाकीही सुरुवातीला तिथे आणू नका. आज आणलेली बाकी उद्या पेमेंट आलं की खोटी होते, आणि मग टेक्निशियन पैसे भरलेल्या माणसाच्या दारात उभं राहून पैसे मागतो.

टूलकिट

ताई, मी सर्विसले फिरतो, हिंगना आन् वाडीकडे. तुमच्याच लाइनमदलं काम हाये, कंपनी दुसरी.

आमच्या इथं मागच्या वर्षी नवीन अॅप आनलं. साहेबायनं एका तक्रारीले खूप रकाने ठेवले. आता तुमीच सांगा, मे महिन्यात दुपारी गच्चीवर मानूस उभा हाये, हात ओले, स्क्रीन उन्हात दिसत नाई, फोन तापून बंद पडून राह्यला, थो रकाने भरन का? मंग सारे जन संध्याकाळी घरी बसून आठवन तसं भरत. त्याच्यात खरं किती असन?

आमाले एवढंच पाह्यजे: मशीन कोनती, काय केलं, काय लागलं, आन् एक फोटो. काय लागलं तं त्याची यादीच द्या, पंप, पॅड, बेल्ट, मोटर, बेरिंग, फ्लोट वॉल्व. बोट लावलं की झालं. लिहाचं काम नको. आन् बेसमेंटात नेटवर्क नसते, तवा भरलेलं जाऊ नाई पाह्यजे.

दुसरी गोष्ट. जुन्या रजिस्टरात आमी शेरा लिवत होतो. "गच्चीची चाबी शेजारच्या मेडिकलमदी." "जिना मागून हाये." "पानी दुपारी चारनंतरच येते." "कुत्रा मोकया असते." हे नव्या अॅपात आलंच नाई, काहून का त्याले रकानाच नव्हता. मंग नवीन पोरगा जाते, चाबी भेटत नाई, वापस येते. वाडीहून नंदनवनले एक चक्कर फुकट गेली की त्या दिवसाचे दोन कॉल गेले समजा. बिलं नका आनू, पन शेरा आना ताई.

वाळा_पॅड (धागाकर्ती)

टूलकिट दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या सगळ्या टेक्निशियनना वाचून दाखवला. सगळे म्हणाले, हेच लिहायचं होतं.

शेऱ्याचा रकाना आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि भरलेलाही आहे. बाबांची सवय होती, फोन ठेवला की लगेच लिहायचे. पण एक अडचण आहे. ते सगळं श्रीलिपीत टाइप केलेलं आहे. एक्सेलमध्ये काढलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. परसोडीजी, हे वाचवता येईल का?

आणि परसोडीजींचा पाच नोंदींचा मुद्दा मी भावाला कागदावर काढून दाखवला. त्याला पहिल्यांदाच पटलं की सगळं नेणं म्हणजे सगळं नीट नेणं नव्हे.

परसोडी_आयटी

वाचवता येतं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे खरं मराठी अक्षर म्हणून साठवलेलंच नसतं. आत इंग्रजीचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट गेला की चेहरा गेला. युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण आधी नेमका कोणता फॉन्ट आहे ते शोधा, कारण श्रीलिपीतही प्रकार आहेत आणि चुकीचा निवडला तर भलतंच मराठी तयार होतं.

बदलल्यावर तीन जागा डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते, त्यामुळे ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. "चिटणीस पार्क"मधली वेलांटी सरकली तरी वाचणारा सावरून घेईल, पण शोधताना सापडणार नाही. सगळे शेरे तपासणं शक्य नसेल तर चालू एएमसीवाल्यांचे आधी तपासा.

बदललेली फाइल सेव्ह करताना साधं सीएसव्ही निवडू नका, "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडा. नाहीतर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होते आणि मग परत येत नाही.

आकड्यांबद्दलही लिहितो, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथे होते.

मोबाईल नंबर ९१ लावून बारा आकडी लिहिले असतील तर एक्सेल ते आखडून दाखवतं, आणि तसंच सीएसव्ही केलं की शेवटचे आकडे जातात. ०७१२ ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचं पुढचं शून्य उडतं. म्हणून फाइल उघडतानाच फोनचे रकाने मजकूर म्हणून घ्या.

तारखा तर आणखी फसव्या. कॉम्प्युटरची तारीख अमेरिकन पद्धतीवर असेल तर ३/४ म्हणजे तीन एप्रिल हे चार मार्च होतं. २५/४ मात्र तसंच राहतं, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखा गुपचूप बदलतात आणि पुढच्या बरोबर दिसतात. वरवर चाळणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. तुमची विक्री मार्च ते मे मधली, म्हणजे एखाद्याची वॉरंटी महिनाभर आधी संपेल आणि एखाद्याची कित्येक महिने पुढे जाईल. आयात करण्याआधी तारीख २०२४-०४-०३ अशी, वर्ष आधी, लिहून घ्या.

बुटीबोरीकर

आमच्या कारखान्यात विक्री विभागाने सीआरएम बदललं तेव्हा मी होतो. माझा सल्ला: किमान महिनाभर जुनं आणि नवं दोन्ही चालू ठेवा. नव्यात काही गडबड निघाली तर जुनं हाताशी असतं.

शून्य_मैल

बुटीबोरीकर, इथे मी वेगळं म्हणेन. एका मोठ्या उपकरण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मी नोकरीभर होतो, आता निवृत्त आहे. दोन्हीकडे लिहायचं म्हटलं की कुणीच दोन्हीकडे लिहीत नाही. काही तक्रारी इकडे, काही तिकडे, आणि ग्राहक विचारतो तेव्हा दोन्ही अपुरे. ठरलेल्या दिवसापासून नवी तक्रार फक्त नव्यात. जुनं चालू ठेवा, पण फक्त बघायला. त्यात लिहिण्याचा पासवर्ड काढून घ्या.

वाळा_पॅड, तुझ्या मूळ म्हणण्याबद्दल मला जास्त लिहायचंय. ज्याला कबूल केलंय त्याचं आधी, हे अगदी बरोबर. पण कबूल केलेलं सगळं सॉफ्टवेअरमध्ये सापडणार नाही. "या सीझनला पॅड आमच्याकडून" असं विक्रीच्या वेळी तोंडी सांगितलेलं असतं. जुनं मशीन परत घेऊ, इतके कमी करू, असं व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं असतं. मंगल कार्यालयवाल्याला "लग्नाच्या तिथीला माणूस जागेवर ठेवू" असा शब्द दिलेला असतो. कंपनीच्या दृष्टीने हे बारीकसारीक. ग्राहकाच्या दृष्टीने तोच करार.

हे काढायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. फोन घेणारी व्यक्ती, सगळ्यात जुना टेक्निशियन आणि तुझे बाबा, तिघांना एकत्र बसव. चालू ग्राहकांची यादी मोठ्याने वाच. प्रत्येक नावाला विचार, "यांना आपण काही सांगितलंय का?" जे निघेल ते लिहून घे, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला स्वतंत्र रकाना दे, तारखेसह. शेऱ्यात टाकू नकोस. शेरा म्हणजे माहिती, हे देणं आहे, आणि देणं कुणाच्या तरी कामाच्या यादीत दिसलं पाहिजे.

फोन घेणाऱ्यांना शेवटी शिकवायला बसवतात, तसं करू नकोस. त्यांनाच आधी वापरायला दे. फोन कानाला असताना तक्रार लिहून होते का, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

वाळा_पॅड (धागाकर्ती)

काका, हे वाचून मी दुकान बंद झाल्यावर बाबांशी बोलायला बसले. त्यांनी तिथल्या तिथे इतकी नावं सांगितली की मला वही घ्यावी लागली. यातलं एकही कुठे लिहिलेलं नव्हतं. तिघांची बैठक पितृपक्षात ठेवतेय, तेव्हा दुकानात गर्दी नसते.

छिंदवाडा_रोड

सावनेरला माझी एजन्सी आहे, पंप आणि मोटरची. मला व्हॉट्सअॅपचं विचारायचंय. नव्या सीआरएमला व्हॉट्सअॅप जोडलं की जुने चॅट त्यात येतात का? आणि एसएमएसचं डीएलटी (धंद्याचे मेसेज पाठवायला लागणारी नोंदणी) परत करावं लागतं का?

परसोडी_आयटी

जुने चॅट आपोआप येतील असं धरून चालू नका. शून्य_मैल काकांनी सांगितल्याप्रमाणे त्यातली कबुली माणसाने वाचून काढायची.

सीआरएमला जोडायचं ते व्हॉट्सअॅपचं एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडायची सोय). फोनमधलं बिझनेस अॅप वेगळं. पूर्वी एकच नंबर दोन्हीकडे चालत नसे, आता काही पुरवठादार दोन्ही सोबत चालवायची सोय देतात. तुमचा नंबर गाडीवर, बिलावर, बोर्डावर छापलेला असेल तर ही सोय आहे का ते लेखी विचारा. ग्राहकाने मेसेज केला की २४ तास मोकळेपणी उत्तर देता येतं. त्यानंतर स्वतःहून पाठवायचं तर आधी मंजूर केलेला साचाच लागतो.

डीएलटीची नोंदणी तुमच्या धंद्याच्या नावाने असते. हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि साचे तुमचेच राहतात. फक्त नव्या एसएमएस पुरवठादाराला तुमच्या डीएलटी खात्यातून साखळीत जोडावं लागतं. एक बघून घ्या: ती नोंदणी खरंच तुमच्या नावाने आणि तुमच्या ईमेलवर आहे का. पुष्कळदा ज्याने करून दिली त्याच्याच ईमेलवर असते.

हेच सीआरएमला लागू. मुख्य खातं धंद्याच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाईलवर. बसवून देणाऱ्याला वापरकर्ता म्हणून जोडा आणि काम झालं की काढा.

बुटीबोरीकर

शून्य_मैल काकांचं "जुनं फक्त बघायला" हे मान्य. महिनाभर म्हणालो ते त्याच अर्थाने, दोनदा लिहिणं मलाही नको.

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. झोहोसारख्या सॉफ्टवेअरचे पैसे दर वापरकर्त्यामागे दर महिना असतात, वर १८ टक्के जीएसटी, ज्याचं क्रेडिट तुम्हाला मिळेल. वार्षिक घेतलं की दर कमी पडतो, पण तुमच्याकडे मार्च ते जूनच जास्तीची पोरं असतात. त्यांची वर्षभराची लायसन्स घेऊ नका. कायम माणसांची वार्षिक आणि सीझनच्या माणसांची महिन्याची, असं जमतं का विचारा.

हिशेबवही

सीझनच्या पोरांवरून आठवलं. त्यांना फक्त स्वतःच्या त्या दिवसाच्या तक्रारी दिसल्या पाहिजेत. सगळी यादी डाउनलोड करण्याचा हक्क मालकाशिवाय कुणाला नको. तुमच्याकडे हजारो घरांचे पत्ते, फोन आणि "दुपारी घरी कुणी नसतं" असले शेरे आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्यात सर्वात मोठा दंड २५० कोटींपर्यंत आहे. पण दंडाचं सोडा. एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजीचा पत्ता आणि चावी कुठे असते हे चार महिन्यांसाठी आलेल्या माणसाच्या फोनमध्ये कायमचं राहू नये.

आणि हलवाहलवीत ज्या एक्सेल फाइली तयार होतील त्या पेनड्राइव्हवर, कुणाच्या मेलमध्ये, सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर राहतात. काम झाल्यावर एक प्रत मालकाकडे ठेवा, बाकी सगळ्या पुसा.

परसोडी_आयटी

हिशेबवहींना पूर्ण अनुमोदन. ताई, आता प्रत्यक्ष हलवायच्या दिवसाबद्दल.

क्रम असा: संस्था, मग साइट, मग माणसं, मग मशिनी, मग करार आणि शेवटी उघड्या तक्रारी. प्रत्येक ओळीत जुन्या सॉफ्टवेअरचा ग्राहक क्रमांक ठेवा. दुरुस्त करून फाइल पुन्हा टाकावी लागली तर त्या क्रमांकामुळे जुनी नोंद सुधारते, नवी जोड नोंद तयार होत नाही.

आयात सुरू करण्याआधी सगळे आपोआप जाणारे मेसेज बंद करा. हे विसरलं तर सॉफ्टवेअरला वाटतं की इतके ग्राहक आजच आले. मग सगळ्यांना स्वागताचा मेसेज जातो, आणि ज्यांची एएमसी पाच वर्षांपूर्वी संपली त्यांना "आपली एएमसी संपली आहे" असा.

आधी चाचणी घ्या, पण यादीतले पहिले पन्नास घेऊ नका, ते नेहमी सोपे निघतात. अवघड निवडा: दोन इमारतींचा दवाखाना, तीन जीएसटी नंबरची कंपनी, घर बदललेला ग्राहक, मशीन विकून टाकलेला ग्राहक, ज्याच्या शेऱ्यात सगळ्यात लांब मराठी मजकूर आहे तो. हे नीट बसले की बाकीचे बसतात. टेक्निशियननी त्यातली आपल्या ओळखीची मशीन उघडून "हो, हीच" म्हणायला हवं.

आणि पैसे भरण्याआधी उलटी चाचणीही घ्या. भरलेलं सगळं, फोटोंसकट, परत बाहेर काढून बघा. आज जे तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरने केलं, अडकवून ठेवलं, ते नव्याने करू नये.

शून्य_मैल

दिवस कोणता धरलाय?

वाळा_पॅड (धागाकर्ती)

काका, दिवाळीनंतर. मंगल कार्यालयांची थंडीतली लग्नं असतात, पण तेव्हा कूलरला कुणी हात लावत नाही. संक्रांतीपर्यंत सगळ्या नव्या तक्रारी नव्यात. फेब्रुवारीत सीझनपूर्व सर्व्हिसिंगचे फोन आपण स्वतः करतो, ते नव्यातून करू. तेव्हा काही चुकलं तर ग्राहकाला उकाडा नसतो.

भावाशी ठरलं ते असं: चालू वॉरंटी, चालू एएमसी, उघड्या तक्रारी, बाबांच्या वहीतली कबुली आणि शेरे, हे सगळं पहिल्या दिवशी नव्यात. गेल्या तीन सीझनमध्ये ज्यांनी एकदाही फोन केला त्यांचं नाव, साइट आणि मशीन, पण जुन्या तक्रारी नाहीत. बाकी सगळं जुन्याच कॉम्प्युटरवर, फक्त बघायला, आणि त्याची एक प्रत बाहेर. जुना ग्राहक आला की त्या दिवशी त्याला शोधून नव्यात आणायचं.

झोहो की ईआरपीनेक्स्ट, हे अवघड ग्राहकांची चाचणी दोन्हीत घेऊन ठरवणार.

एक अडलंय. टूलकिट दादा, हे तुम्हालाच विचारते. तक्रार मशीनला जोडायची तर मशीनला नंबर हवा. आमच्या जुन्या मशिनींवरचे स्टिकर उन्हाने उडालेत. एकाच गच्चीवर सारख्या दिसणाऱ्या सहा मशिनी असल्या तर टेक्निशियनने ओळखायचं कसं?

टूलकिट

ताई, कागदाचा क्यूआर कोड लावू नका, एका उन्हायात पांढरा होते. आमी अॅल्युमिनियमची छोटी पट्टी घेतो, नंबर ठोकून, दोन रिव्हेट मारून. पेंटनं लिवलेलं बी राहते, पन साहेब लोक मशीन रंगवतात आन् थे जाते.

पट्टी कुठं लावाची हे महत्त्वाचं. पॅडच्या जाळीवर नको, जाळी बदलते, एका मशीनची दुसऱ्याले लागते. टाकीवर खाली नको, आपल्या इथल्या पान्यानं खार धरते, दोन वर्षांत नंबर दिसत नाई. मोटरच्या बाजूच्या फ्रेमवर लावा, आतून, पान्याच्या लेवलच्या वर. दरवाजा उघडला की समोर दिसली पाह्यजे.

आन् फेब्रुवारीच्या सर्विसिंगले तं प्रत्येक मशीनपाशी मानूस जातेच. तवाच पट्टी मारा, तवाच फोटो काढा, तवाच लोकेशन घ्या. वेगया चकरा नको. सहा मशिनी असन तं जिन्याकडून मोजाची, पैली, दुसरी, तिसरी, आन् थेच शेऱ्यात लिवाचं.

वाळा_पॅड (धागाकर्ती)

जिन्याकडून मोजायचं, हे सगळ्यांना सांगते. पट्ट्या शेडवरच ठोकून घेऊ, डाय आहे आपल्याकडे. चाचणी झाली की दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये काय बसलं, काय नाही, ते इथेच लिहीन.